मुलांसाठीचा पायाच्या अंगठ्याचा स्प्लिंट (अंगठा सरळ धरणारी पट्टी): बोट सरळ होईल या आशेने घेऊ नका

तीन तारे. दोन कापले ते खोक्यावरच्या फोटोंसाठी. डावीकडे वाकडा अंगठा, उजवीकडे छडीसारखा सरळ, आणि खाली 'नियमित वापराने पूर्ववत'. वाढत्या वयाच्या मुलांच्या आईबापांना असं काही विकणं मला पटत नाही.

लेक अकरा वर्षांची. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, अंगठा शेजारच्या बोटावर रेलतो. माझ्या आईचे पाय असेच, माझेही, तेव्हा कुठून आलं हे विचारायलाच नको. उभं करून काढलेल्या एक्स-रेमध्ये अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकल्याचा कोन 15 अंशांच्या वर गेला की डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. हिचा जेमतेम वर आहे.

पाकिटात दोन वस्तू येतात. सिलिकॉनचा स्पेसर खरंच चांगला. अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये बसतो, घासणं थांबतं, खेळून आल्यावरची कुरकुर कमी झाली. चिकट झाला की धूळ नि मोज्यांचे धागे ओढून घेतो. साबणाने धुऊन, कोरडा करून किंचित पावडर लावायची. पण बूट पुढून निमुळता असेल तर स्पेसरने उलट गर्दी होते आणि बाकीची बोटं चेंगरतात.

रात्रीच्या स्प्लिंटचं वेल्क्रो चादरीला अडकतं. झोपेत ती तो काढून टाकते आणि सकाळी तो पांघरुणात सापडतो. घातलेला असेपर्यंत अंगठा सरळ, काढला की पुन्हा होता तिथे. हाडांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं: आराम पडत असेल तर घाला, हाड यानं जागेवर येणार नाही. ऑपरेशनचा विषय त्यांनी वाढ पूर्ण होईपर्यंत बाजूला ठेवलाय. ज्या हाडावर ते करायचं त्याच्या मुळाशीच वाढीची पट्टी असते, शिवाय लहान वयात केलं तर अंगठा परत वाकण्याची भीती जास्त.

सोबत इनसोलचीही, म्हणजे बुटात तळव्याखाली घालायच्या गादीची, जाहिरात आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांवरची अशा इनसोलची एक चाचणी 1994 साली प्रसिद्ध झाली होती. इनसोल वापरूनही अंगठे वाकतच गेले. मी ते पैसे पुढून रुंद, टाचेला घट्ट बसणाऱ्या बुटांवर घातले. दुखणं सगळ्यात जास्त त्यांनीच कमी केलं.

घ्यायचाच तर नुसता स्पेसर घ्या. माप संध्याकाळी, मुलाला उभं करून, दोन्ही पायांचं घ्या. स्प्लिंटचा 'छोटा' साइज मोठ्या माणसांच्या मापाने छोटा आहे, लहान पावलावर तो फिरतो.