दुर्मीळ पुस्तक घ्यायचं कुठून? विक्रेता, लिलाव आणि ऑनलाइन बाजार

एखादं जुनं, दुर्मीळ पुस्तक घ्यायचं ठरलं, बऱ्यापैकी पैसे बाजूला काढले, की प्रश्न उरतो तो घ्यायचं कुठून हा. मुख्य वाटा तीन: या धंद्यात मुरलेला विक्रेता, लिलाव आणि ऑनलाइन बाजार. रद्दीचे ढीग ही चौथी, पण तिथे सगळा नशिबाचा भाग असल्यामुळे ती सोडून देतो.

बहुतेक जण आधी किंमत बघतात. माझं म्हणणं, आधी वर्णन बघा. ‘पहिली आवृत्ती, सगळी चित्रं आहेत, बांधणी मूळची’ एवढ्या तीन गोष्टींवर किंमत दहापट इकडची तिकडे होते. त्या गोष्टी कोण सांगतंय आणि खोट्या निघाल्या तर पैसे कोण परत देणार, यावरून वाट निवडावी.

डार्विनचं ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ घ्या. नोव्हेंबर १८५९ मध्ये ते आलं तेव्हा पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती छापल्या होत्या. त्या ओळखायची प्रसिद्ध खूण म्हणजे विसाव्या पानावरच्या अकराव्या ओळीत ‘स्पीशीज’च्या स्पेलिंगमध्ये जास्तीचा पडलेला एक ‘ई’. ही खूण कळली की आपल्याला वाटतं, जमलं. पण पुढे त्या आवृत्तीच्या, पानांचे फोटो घेऊन छापलेल्या हुबेहूब नकला निघाल्या आणि तो ‘ई’ही त्यांत जसाच्या तसा उतरला! म्हणजे नुसती चूक शोधून भागत नाही. कागद बघायचा, हिरव्या कापडाची बांधणी मूळची की नंतरची ते बघायचं, एखादं पान दुसऱ्या फाटक्या प्रतीतून आणून बसवलंय का तेही बघायचं.

हे सगळं बघणं चांगल्या विक्रेत्याचं रोजचं काम. प्रत हातात आली की तो आधी पानं आणि चित्रं मोजतो, ग्रंथसूचीतल्या नोंदीशी ताडून बघतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कधी कधी पेन्सिलीनं बारीक ‘सी अँड पी’ लिहिलेलं सापडतं. कुणा विक्रेत्यानं प्रत तपासली आणि ती पूर्ण निघाली, असा त्याचा अर्थ. नकाशे असलेल्या प्रवासवर्णनात तर ही मोजणी फारच महत्त्वाची, कारण घडीचे नकाशे काढून, चौकटीत बसवून विकले की वेगळे पैसे मिळतात. पुस्तक बाहेरून धडधाकट दिसतं, आत पाचातले तीनच नकाशे. उरलेल्यांतलाही एखादा घडीवर फाटलेला आणि मागून पातळ कागद लावून सांधलेला असतो. प्रामाणिक विक्रेता हे सगळं लिहून देतो.

त्याची किंमत अर्थातच जास्त असते. पुस्तक त्याच्या फडताळात वर्षानुवर्षं पडून राहू शकतं, तेवढे पैसे अडकतात, आणि तपासणीची मेहनत असतेच. बदल्यात तुम्हाला प्रत हातात घेता येते, प्रश्न विचारता येतात, ओळख वाढली की थोडी सूट किंवा हप्तेही मिळतात. तो एखाद्या संघटनेचा सदस्य असेल तर उत्तम. ब्रिटनमधली अँटिक्वेरियन बुकसेलर्स असोसिएशन १९०६ पासून आहे, आणि देशोदेशीच्या अशा संघटनांचा मिळून ‘आयलॅब’ हा आंतरराष्ट्रीय संघ आहे. सदस्यांना आचारसंहिता पाळावी लागते, तक्रार करायला जागा असते. तरी जाणकारही फसतात, हे धरून चालावं. गॅलिलिओच्या १६१० सालच्या ‘सिडेरियस नुन्सियस’ची एक प्रत २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या विक्रेत्यांकडे आली. नामांकित अभ्यासकांनी ती तपासून अस्सल ठरवली, आणि २०१२ मध्ये ती बनावट निघाली.

लिलावाचं आकर्षण वेगळं. सदबीज या नामांकित लिलावगृहाची सुरुवातच १७४४ मध्ये लंडनमधल्या एका पुस्तकांच्या लिलावानं झाली, म्हणजे ही वाट काही नवी नाही. स्वतः विक्रेतेही इथेच खरेदी करतात, मग आपण मधला माणूस का ठेवायचा, असा हिशोब लोक मांडतात. तो अगदीच चुकीचा नाही. विक्रेत्याला पुढे नफ्यावर विकायचं असतं, म्हणून तो एका मर्यादेला थांबतो. तुम्ही स्वतःसाठी घेत असाल तर एक पायरी वर जाऊ शकता. अडचण अशी की ती मर्यादा त्यानं प्रत उलटून पालटून बघून ठरवलेली असते, आणि तुम्ही बहुधा कॅटलॉगमधला फोटो बघून बोली लावत असता.

त्यात हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन चढतं. लंडनच्या दोन मोठ्या लिलावगृहांनी ते १९७५ मध्ये सुरू केलं. आज मोठ्या ठिकाणी ते २० टक्क्यांच्या वर असतं, शिवाय कर आणि पाठवणीचा खर्च. शंभरावर मिळालं म्हणून खूश व्हावं, तर बिल सव्वाशेच्या पुढे. अटी बारीक अक्षरात असतात, पण वाचाव्यात. मजकुराचं पान किंवा चित्र गायब असेल आणि कॅटलॉगमध्ये तसं म्हटलं नसेल तर बरीच लिलावगृहं ठरावीक मुदतीत पुस्तक परत घेतात. ॲटलास, नियतकालिकं आणि पुस्तकांचे गठ्ठे मात्र अनेकदा ‘परत घेतले जाणार नाहीत’ या अटीवरच विकले जातात, आणि गोम नेमकी त्यांतच असते. लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात जाणं जमत नसेल तर निदान प्रतीच्या स्थितीचा लेखी अहवाल मागवा. तो न मागवता बोली लावणं म्हणजे शुद्ध जुगार.

ऑनलाइन बाजाराबद्दल फार लिहायला नको, तो सगळ्यांच्या हातात आहे. एबबुक्ससारख्या ठिकाणी एकाच पुस्तकाच्या वीस प्रती शेजारी शेजारी दिसतात, ही सोय पूर्वी कुणालाच नव्हती. नुसतं वाचायला जुनं पुस्तक हवं असेल तर सरळ तिथेच जा. पण दोन गोष्टी. यादीत दिसते ती मागितलेली किंमत. वाजवी किमतीच्या प्रती विकल्या जाऊन यादीतून जातात, महागड्या तशाच बसून राहतात, म्हणून यादीवरून काढलेला बाजारभाव नेहमी फुगलेला असतो. विकल्या गेलेल्या किमती बघायच्या तर लिलावांचे निकाल बघा. दुसरं, काही विक्रेत्यांकडे पुस्तक नसतंच. ते दुसऱ्याचं वर्णन उचलून आपल्या नावावर चढवतात आणि ऑर्डर आली की शोधायला लागतात. ‘शिक्के किंवा खुणा असू शकतात’ असं मोघम लिहिलेलं दिसलं की मी पुढे सरकतो. शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू यांचा त्याच प्रतीचा फोटो मागा. कटकट न करता लगेच पाठवणारा माणूस निम्मी परीक्षा तिथेच पास होतो.

प्रतीच्या शेऱ्यांचंही तसंच. इंग्रजी यादीतला ‘गुड’ हा शेरा या धंद्यात जेमतेम बरी, वापरलेली प्रत अशा अर्थानं देतात. विसाव्या शतकातल्या पहिल्या आवृत्त्यांत वरचं कागदी जॅकेट आहे की नाही, आणि असेल तर ते त्याच प्रतीचं की नंतर छापून चढवलेलं, हे स्पष्ट विचारा. फरक कित्येक पटींचा पडतो.

तर पहिलं महागडं पुस्तक घेत असाल तर विक्रेत्याकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. लिलावाकडे वळायचं ते पंचवीस-तीस चांगल्या प्रती हाताळून झाल्यावर. अगदी हवं ते पुस्तक आधीच लिलावात आलं, तर एक मधला मार्ग आहे आणि नवखे तो विसरतात: ओळखीच्या विक्रेत्याला ठरलेल्या टक्केवारीवर तुमच्या वतीनं प्रत तपासायला आणि बोली लावायला सांगायचं. अनेक जण हे काम घेतात. तपासून ‘ही घेऊ नका’ म्हणाला, तर त्याचं ऐका.

आणि कुठूनही घेतलंत तरी बिलावर पूर्ण वर्णन लिहून मागा: आवृत्ती, साल, चित्रं-नकाशांची संख्या, दुरुस्त्या. नुसतं ‘जुने पुस्तक, १ नग’ असं बिल हातात असेल तर पुढे भांडायला काहीच उरत नाही.