नको असलेला विमा: नुसता रद्द करायचा की भरलेले पैसेही परत मागायचे?

सबस्क्रिप्शनच्या बिलात ‘केअर’, ‘प्रोटेक्ट’ असलं काहीतरी नाव असतं. तो सेवेचाच भाग असेल असं धरून आपण महिनोन्महिने पैसे भरत राहतो. मी अकरा महिने भरले. फोनच्या प्लॅनला स्क्रीन फुटण्याचा विमा चिकटलाय हे लक्षात आलं तेव्हा रागाच्या भरात ‘रद्द करा’ दाबलं. कंपनीने चालू महिन्याच्या उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले आणि तक्रार बंद करून टाकली. मागचे हप्ते मागायला मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. रद्द करताना तुम्ही म्हणता, ‘आजपासून नको.’ परतावा मागताना म्हणता, ‘मी हो म्हटलंच नव्हतं.’ म्हणून दोन्ही मागण्या एकाच पत्रात करा: पुढची वसुली थांबवा आणि पहिल्या हप्त्यापासूनचे पैसे परत द्या.

विमा नुकताच माथी मारलेला असेल तर मात्र वाद घालूच नका, मुदत बघा. ब्रिटनमध्ये घेतलेली पॉलिसी परत करायला साधारण विम्याला 14 दिवस आणि आयुर्विम्याला 30 दिवस मिळतात. भारतात एक वर्ष किंवा त्याहून जास्त मुदतीच्या आयुर्विमा आणि आरोग्य पॉलिसीला 30 दिवसांचा फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी बघून परत करण्याचा काळ, आहे. या काळात कारण द्यावं लागत नाही. मधल्या दिवसांच्या संरक्षणाची थोडी रक्कम कापली जाऊ शकते. खरी अडचण निराळीच असते. सबस्क्रिप्शनला जोडलेला विमा बऱ्याचदा ग्रुप पॉलिसी असतो. मुख्य पॉलिसी सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावावर असते आणि आपण तिच्यातले फक्त एक सदस्य. त्यामुळे आधी विम्याचं सर्टिफिकेट मागवा. विमा कंपनी कोणती, संरक्षण कधी सुरू झालं आणि सदस्याला बाहेर पडण्याचा हक्क काय, हे त्यावरून कळतं.

मुदत उलटून गेली असेल तर विकणाऱ्याकडे लेखी तक्रार हाच मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. आधीच टिक केलेला चौकोन ही संमती ठरत नाही, हे आता कायद्यांतही आलंय. युरोपीय संघाच्या 2011च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार असे जादा पैसे परत मागता येतात. भारतात 30 नोव्हेंबर 2023च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी वेबसाइट-ॲपची मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ग्राहकाला न विचारता बिलात वस्तू किंवा सेवा घुसवण्याला मनाई आहे. संमतीपेक्षाही जोरदार मुद्दा एक आहे: या विम्यातून तुम्हाला दावा मिळालाच असता का? वयाची अट, जुना आजार, नोकरीचा प्रकार तपासा. ब्रिटनमध्ये कर्जासोबत विकलेल्या पीपीआय विम्याचं (आजारपण किंवा नोकरी गेल्यास कर्जाचे हप्ते भरणारा विमा) प्रकरण बऱ्याच अंशी इथेच फुटलं. स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही तो विकला गेला होता, आणि त्यांच्यापैकी अनेकांना त्यातून काही मिळणं शक्यच नव्हतं. 29 ऑगस्ट 2019 ही तक्रारींची शेवटची तारीख होती. एकूण परतावा 38 अब्ज पौंडांच्या वर गेला.

कार्डाच्या बँकेकडून चार्जबॅक घेणं, म्हणजे कापलेली रक्कम बँकेकरवी परत फिरवणं, झटपट वाटतं, पण मी ते दुसऱ्या फळीत ठेवेन. बऱ्याच प्रकारच्या वादांना 120 दिवसांच्या आसपास मर्यादा असते, म्हणजे जुने हप्ते हातचे गेलेच. विम्याची रक्कम बिलात वेगळी दाखवलेली नसेल तर बँकेला नेमकं काय परत मागायचं हेच कळत नाही. शिवाय कंपनी चिडून खातंच बंद करू शकते. सेवा हवी असेल तर तेही परवडणारं नाही. तुम्ही थांबवा म्हणून लेखी कळवलंय आणि तरी पैसे कापले जातायत, अशा वेळी मात्र चार्जबॅक बिनधास्त वापरा.

कंपनीने दाद दिली नाही तर लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या यंत्रणेकडे, जाता येतं. तिथे जायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आधी कंपनीला उत्तराची संधी द्यावी लागते: ब्रिटनमध्ये आठ आठवडे, भारताच्या विमा लोकपालाकडे एक महिना. म्हणूनच पहिली तक्रार फोनवर करण्यात अर्थ नाही. तारखेचा पुरावा राहत नाही. ‘तुमचे पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांना टाळा. पीपीआयच्या काळात त्यांनी परताव्यातला इतका वाटा उचलला की ब्रिटनला 2018 मध्ये त्यांच्या फीवर 20 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. शेवटी तेही तुम्ही स्वतः लिहू शकता तेच पत्र लिहितात.

एका प्रसंगात मी परताव्याच्या मागे लागणार नाही. विमा प्लॅनमध्येच मुरलेला असेल, तसं ठळकपणे लिहिलेलं असेल आणि तुम्ही त्यातून कधी दावाही घेतला असेल, तर ‘मला नको होता’ कोणी ऐकणार नाही. तिथे विम्याशिवायचा खालचा प्लॅन निवडा. आणि प्लॅन बदलताना शेवटच्या पानावर कोणता चौकोन आधीच भरलाय, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.