मेंदी आणि इंडिगोचे १४ महिने

केस काळे केले की तिसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटायची. नऊ वर्षं मी हे अंगवळणी पाडून घेतलं होतं. अडतिसाव्या वर्षी भांगात पांढरा पट्टा दिसायला लागला आणि तेव्हापासून दर पाच-सहा आठवड्यांनी पाकिटातला तयार काळा रंग, त्यामागून खाज, त्यामागून खोबरेल तेल. मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर लावला तेव्हा मात्र प्रकरण खाजेवर भागलं नाही. कपाळाच्या कडेने पुरळ उठलं, डावा डोळा सुजून अर्धा मिटला. मोदकांच्या उकडीत हात आणि डोळ्यावर बर्फाचं फडकं, असे ते दोन दिवस.

त्वचेच्या डॉक्टरांनी रिकामं पाकीट घेऊन यायला सांगितलं होतं. त्यांनी मागची मुंगीएवढी अक्षरं मलाच वाचायला लावली. त्यात पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी होतं. बहुतेक पर्मनंट गडद रंगांत हे किंवा याचं भावंड असतंच आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते सहसा आयुष्यभराचं. 'हे आता बंद' म्हणून त्यांनी विषय संपवला. पांढऱ्या केसांचं काय करायचं, हा माझा प्रश्न माझ्याकडेच राहिला.

दादरला स्टेशनबाहेरच्या एका दुकानात विचारलं, तर दुकानदाराने लगेच 'काळी मेंदी' पुढे केली. 'ताई, एकदम नॅचरल.' मी आता पाकिटं उलटी करून वाचायला शिकले होते. मागे तेच पीपीडी! मेंदीच्या पानातून काळा रंग निघतच नाही, निघतो तो तांबूस-केशरीच. त्यामुळे एका पुडीत अर्ध्या तासात काळं करून देणारी मेंदी दिसली की ती खाली ठेवावी. माझ्यासारखी डोळा सुजवून बसलेली बाई 'नॅचरल' वाचून हेच घरी नेते, याचा राग येतो.

शेवटी एका आयुर्वेदिक भांडारातून दोन वेगवेगळी पाकिटं आणली. एक मेंदी, राजस्थानातल्या सोजतची (२०२१मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं). दुसरं इंडिगो, म्हणजे नीळीच्या झाडाच्या पानांची पूड. दोन्हींवर घटक म्हणून एकेकच नाव. घरी आल्यावर सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं.

'नीळ? अगं, सदऱ्याला घालतात ती डोक्याला लावणार?'

'ती वेगळी आई, ती कारखान्यातली. ही पाल्याची.'

'म्हणजे ती चंपारणची?'

हो, चंपारणचीच. १९१७ साली गांधीजी जिच्यापायी तिथल्या शेतकऱ्यांसाठी उभे राहिले, ती नीळ. सासूबाईंचं वाचन दांडगं आहे. त्या स्वतः मात्र पांढऱ्याशुभ्र केसांचा घट्ट अंबाडा घालतात आणि माझ्या उद्योगाकडे करमणूक म्हणून बघतात.

मी पहिली माती खाल्ली ती घाईपोटी. मेंदी रीतसर रात्रभर भिजवली होती, पण रविवारी पाहुणे यायचे होते म्हणून पाऊण तासातच धुऊन टाकली आणि वर इंडिगो थापलं. बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली केस छान काळपट दिसत होते. सोमवारी सकाळी लोकलच्या लेडीज डब्यात खिडकीशी जागा मिळाली, विक्रोळीला उन्हाची तिरीप आली आणि समोरच्या मैत्रिणीने डोकं तिरकं करून बघितलं. 'तुझ्या कानशिलाला शेवाळ धरलंय का गं?' सीएसएमटी येईपर्यंत अर्ध्या डब्याने बघून घेतलं. कानावरचे केस खरोखर हिरवट-करडे दिसत होते.

मग मात्र मी या दोन पुडींचं शास्त्र नीट समजून घेतलं. दोघींचे स्वभाव एकमेकींच्या अगदी उलट आहेत. मेंदीला निवांतपणा आणि आंबट लागतं. तिच्यातला लॉसोन नावाचा रंग किंचित आम्लात सावकाश सुटतो आणि केसातल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतो. लावल्यावरही तिला तास दोन तास द्यावेच लागतात. इंडिगोला आंबट चालत नाही आणि थांबणं तर त्याहून नाही. पानात तयार निळा रंग नसतोच. पाणी पडलं की पानातला पदार्थ फुटतो, त्यातून निघालेलं द्रव्य केसात शिरतं आणि हवा लागून तिथेच निळं होतं. वाटीतच निळं होऊन गेलं तर केसात शिरायला उरलं काय? म्हणून भिजवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावर. शिवाय पांढऱ्या केसावर एकटं इंडिगो धड धरत नाही, हिरवट-निळं दिसतं. खाली मेंदीचा तांबडा पक्का बसला असेल तर त्यावर निळा चढून काळं होतं. माझा तांबडाच कच्चा राहिला होता, म्हणून ते शेवाळ.

इंडिगो भिजतं तेव्हा मात्र बघत बसावं. कोरडी पूड हिरवी असते, वाळलेल्या मेथीसारखी (काळी किंवा करडी निघाली तर दुकानदाराला परत द्या). कोमट पाणी घालून भज्यांच्या पिठाएवढं सरबरीत कालवायचं आणि चिमूटभर मीठ. पाचेक मिनिटं काही होत नाही. मग कडेने रंग गडद व्हायला लागतो, वर जांभळट-निळी साय धरते. चमच्याने ती बाजूला केली की खाली अजून हिरवंच असतं आणि तेही डोळ्यांदेखत काळवंडायला लागतं. ही साय दिसली की लावायला बसायचं. वासाबद्दल खोटं बोलणार नाही. फ्रीजमध्ये विसरलेल्या पालकाच्या जुडीसारखा येतो आणि पहिल्या दोन धुण्यांपर्यंत ओल्या केसांना येतच राहतो.

मेंदीचे लाड आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेत. लोखंडी कढई, चहाचं पाणी, दही, अंडं, कात, बीट, कॉफी. मी एकेक करून बहुतेक सगळं काढून टाकलं. दही आणि तेलाने रंग फिका बसतो. अंड्याने डोक्याला वास येतो, बाकी काही नाही. लोखंडी कढई तेवढी ठेवली आहे, तिच्यात भिजवलेल्या मेंदीचा रंग थोडा गडद येतो. चहाचं पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस, बस्स. मुंबईच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली मेंदी तीन-चार तासांत तयार होते, जानेवारीत रात्रभर ठेवावी लागते. तळहाताला ठिपका लावून पाच मिनिटांनी पुसायचा, केशरी डाग राहिला की झालं. पूड वस्त्रगाळ हवी. भरड निघाली तर धुताना काड्या-कचरा केसांतून निघता निघत नाही. मी एकदा आठवडाभर ऑफिसच्या कीबोर्डवर मेंदीचा भुगा पाडत होते.

भिजवून रंग सुटलेली मेंदी फ्रीझरमध्ये महिनाभर छान राहते. मी छोट्या डब्यांत भरून ठेवते. आता डब्यावर 'मेंदी' अशी चिठ्ठी असते, कारण एकदा लेकीने हिरवी चटणी समजून तो डबा सँडविचसाठी बाहेर काढला होता. इंडिगोची असली सोय नाही. लागेल तेवढंच भिजवायचं, उरलं ते मोरीत.

सुरुवातीला मला पूर्वीसारखा कुळकुळीत काळा रंग हवा होता, म्हणून दोन टप्प्यांत करायचे. आधी दोन तास मेंदी, धुणं, मग दीड तास इंडिगो, परत धुणं. अख्खा रविवार डोक्याला पिशवी बांधून जातो. आमच्याकडे पालिकेचं पाणी सकाळी ठरावीक वेळच येतं, त्यामुळे पिंप भरून ठेवावं लागतं. खांद्यापर्यंतच्या केसांना एका वेळी तीन बादल्या, दोन टप्पे म्हणजे सहा. आणि शाम्पू चालत नाही, नुसत्या पाण्याने गाळ काढत बसायचं. मे महिन्यात सोसायटीत टँकरचं पाणी होतं तेव्हा तेही करून बघितलं. केस इतके राठ झाले की रबरबँड त्यांत अडकून तुटला. तेव्हापासून टँकरच्या दिवसांत मी भांग बदलून वेळ काढते.

सहाव्या महिन्यात काळ्याचा हट्ट सोडला आणि इथेच माझं आणि या दोन पुडींचं खरं जमलं. आता तयार मेंदीत ऐनवेळी भिजवलेलं इंडिगो मिसळते. मेंदी एक वाटी, इंडिगो दीड वाटी. असं एकत्र लावायचं असेल तेव्हा मेंदीत लिंबू घालत नाही, नुसतं चहाचं पाणी. तीन तास ठेवलं की पांढऱ्या केसांना गडद तपकिरी रंग येतो, साधारण चॉकलेटी. माझे मूळचे काळे केस काळेच राहतात आणि त्यांत हे तपकिरी मिसळून जातात. मुळाशी नवे पांढरे डोकावले तरी काळ्याशेजारी उठतात तसे तपकिरीशेजारी उठून दिसत नाहीत. रंगाच्या पाकिटाने महिन्याच्या आत भांगात जो खडूने ओढल्यासारखा पट्टा दिसायचा, तो आता सहाव्या आठवड्यापर्यंत सहन होतो. त्यातही फक्त मुळांना लावायचं असतं. त्याला मेंदी चाळीस ग्रॅम आणि इंडिगो साठ ग्रॅम भरपूर होतं.

रंग टिकण्याचं म्हणाल तर मेंदी जात नाही, इंडिगो हळूहळू उडतं. त्यामुळे महिन्याभराने सगळं डोकं जरा लालसर होतं. मला आवडतं. नवऱ्याला वाटतं मी मुद्दाम 'हायलाइट' करून घेतलेत, त्याचा गैरसमज मी दूर केलेला नाही.

फायद्यांच्या गप्पा फार ऐकल्या होत्या, म्हणून सांगते. केस गळायचे थांबले नाहीत. आधी जेवढे कंगव्यात यायचे तेवढेच आजही येतात. नवे उगवलेही नाहीत. केस जाडसर मात्र लागतात हाताला, वेणी थोडी भरल्यासारखी वाटते. माझ्या केसांना बारीक लाट होती, ती वर्षभरात बरीच सपाट झाली. मेंदी वरचेवर लावली की असं होतं हे मला आधी कुणी बोललं नव्हतं आणि कुरळे केस जपणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावं. दोन दिवस केस कोरडे, सुतळीसारखे होतात. तिसऱ्या दिवशी तेल लावलं की मऊ होतात. त्याआधी तेल लावलं की रंग उशीवर. आमच्या घरात आता एक अभ्रा कायमचा आकाशी झाला आहे.

पावसाळ्याचं वेगळंच. लावल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात गर्दीत घाम आला की मानेवरून हिरवट ओघळ उतरतो. जुलैत पांढऱ्या कुर्त्याची कॉलर अशीच गेली. तेव्हापासून तो आठवडा गडद कपड्यांचा. बाथरूममध्ये फरशीच्या फटींत इंडिगो बसलं तर निघत नाही, पडल्या पडल्या पुसायचं. लावण्याआधी कपाळ आणि कानांवर व्हॅसलिनचा हात फिरवते, मोजे घालावेत तसे हातमोजे न चुकता घालते.

खाज? १४ महिन्यांत एकदाही नाही. तरी पहिल्यांदा लावण्याआधी दोन्ही पुडींचा ठिपका कोपराच्या आत लावून दोन दिवस वाट बघितली होती, कारण झाडपाल्याचीही ॲलर्जी असू शकते. आणि ज्यांच्या घरात जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेंदीला हात लावू नये, तान्ह्या बाळाला तर नाहीच. अशा लोकांच्या रक्तातल्या लाल पेशी मेंदीने फुटू शकतात.

पार्लरवाल्या मुलीने मात्र मला कायमचं बाद केलं आहे. तिने हायलाइट्सचं विचारलं, मी इंडिगो म्हणताच तिने ब्रश खाली ठेवला. इंडिगोवर ब्लीच पडलं की केस हिरवे होऊ शकतात. म्हणजे ज्यांना चार महिन्यांनी वाइन किंवा राखी रंग करून बघायची हौस आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. मेंदी केसांतून निघत नाही, वाढवून कापावीच लागते.

खर्च फार नाही. शंभर ग्रॅम मेंदी शंभराच्या आत मिळते, इंडिगो दीडशेच्या आसपास. महाग आहे तो रविवार.

आणि रंग पूर्ण उमलायला दोन दिवस लागतात, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी हे माहीत असूनही भाच्याच्या लग्नाला, हळदीच्या आदल्या रात्री लावलं. सकाळी केस विटकरी आणि कडेने हिरवट, वर हळद. लग्न परवावर होतं, तोवर सुरेख चॉकलेटी झाले. पण फोटोग्राफर हळदीलाच सगळ्यांत जास्त रमला होता. अल्बम आला, तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून ते पान दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, 'रंगपंचमीचा फोटो यात कसा आला?'