आयएलओ ५ : हार्डवेअर विश्वासाचं, लायसन्स मात्र आधीच घ्या

आयएलओ (इंटिग्रेटेड लाइट्स-आउट) म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळण्यासाठी त्याच्यातच बसवलेला छोटा स्वतंत्र संगणक. एचपीईच्या (ह्यूलेट पॅकर्ड एंटरप्राइझ) प्रोलायंट जेन१० सर्व्हरमध्ये २०१७ पासून आयएलओ ५ मदरबोर्डवरच बसवलेला येतो. त्याचा प्रोसेसर, फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) आणि नेटवर्क पोर्ट स्वतंत्र असतो. सर्व्हर बंद असला तरी पॉवर सप्लायपर्यंत वीज येत असेल तर तो स्टँडबायवर जागा असतो. कर्नल पॅनिक झालं (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळला) किंवा फायरवॉलच्या चुकीच्या नियमाने एसएसएच (दुरून कमांड द्यायची जोडणी) तुटलं, तर दुरून मशीनपर्यंत पोचायचा हाच मार्ग उरतो. म्हणून त्याची परीक्षा त्याच प्रसंगांवर घ्यायला हवी.

सगळ्यात खटकतं ते लायसन्स. डीएल आणि एमएल मालिकेत सर्व्हरसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायसन्सवर ग्राफिकल रिमोट कन्सोल (सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड दुरून वापरायची सोय) फक्त ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंत मिळतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पडदा बंद. व्हर्च्युअल मीडियाही (दुरूनच डिस्क जोडायची सोय) विकतच्या अ‍ॅडव्हान्स्ड लायसन्समध्येच आहे. लायसन्स-की टाकायला सर्व्हर रीबूट करावा लागत नाही, पण मध्यरात्री मशीन पडल्यावर ती खरेदी करणार कुठून? दूरच्या डेटा सेंटरमध्ये मशीन ठेवणार असाल तर अ‍ॅडव्हान्स्डची किंमत सर्व्हरच्या किमतीतच धरा.

अ‍ॅडव्हान्स्ड लायसन्स नसेल तर व्हर्च्युअल सिरियल पोर्टचा (व्हीएसपी, सर्व्हरचा फक्त मजकुराचा पडदा दुरून दाखवणारी सोय) मोठा आधार आहे. बायॉसमध्ये (सर्व्हरच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये) तो सिरियल पोर्ट कॉम १ ला जोडला आहे की कॉम २ ला, ते पाहून ठेवा. लिनक्स सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या ओळीत त्यानुसार पहिला किंवा दुसरा सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉड वेगाने द्या आणि ग्रबलाही (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमलाही) तोच पोर्ट दाखवा. मग आयएलओत एसएसएचने शिरून व्हीएसपी कमांड दिली की लॉगिन समोर येतं. हे सगळं मशीन धडधाकट असतानाच करून ठेवायचं असतं, नंतर रिकामी स्क्रीन तेवढी दिसते.

पॉवरची बटणं सारखी वाटतात, पण परिणाम वेगळे. मोमेंटरी प्रेस ऑपरेटिंग सिस्टिमला शटडाउनचा इशारा देतं, सिस्टिम गोठली असेल तर काहीच होत नाही. प्रेस अँड होल्ड जबरदस्तीने बंद करतं. रीसेटमध्ये वीज तुटत नाही, कोल्ड बूटमध्ये तुटते. त्यामुळे रीसेटनंतरही एखादं कार्ड अडकलेलंच राहिलं तर कोल्ड बूट करून पाहा. त्याआधी मात्र आयएलओतून एनएमआय (प्रोसेसरला दुर्लक्ष करता न येणारा इशारा) पाठवायची संधी सोडू नका. केडम्प (कोसळताना मेमरीची नोंद, म्हणजे डम्प, जपून ठेवणारी लिनक्सची सोय) तयार असेल आणि अनोळखी एनएमआयवर पॅनिक व्हायचं कर्नलला सांगितलं असेल, तर गोठण्याचं कारण डम्पमध्ये सापडू शकतं. थेट वीज तोडली की तो पुरावा गेलाच.

व्हर्च्युअल मीडियात आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल) जोडून दूरच्या सर्व्हरवर इन्स्टॉल करायला जाणं ही नेहमीची चूक. ४ जीबीची फाइल २० एमबीपीएसच्या अपलोडवरून जायला उत्तम परिस्थितीतही सुमारे २७ मिनिटं लागतात. त्यात वाचन तुकड्यातुकड्यांनी होत असल्याने लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) वाढली की इन्स्टॉलर मध्येच टाइमआउट होतो. आयएसओ त्या दूरच्या सर्व्हरच्याच नेटवर्कमधल्या वेब सर्व्हरवर ठेवा आणि यूआरएल देऊन जोडा. नाहीतर काही एमबीची नेटवर्क बूट आयएसओ (बाकीच्या फाइल नेटवर्कवरून आणणारी) वापरा.

नेटवर्कबाबत आमचं मत ठाम आहे : मागचा डेडिकेटेड (फक्त आयएलओचा) पोर्ट वापरा, त्याला वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) द्या आणि तिथे फक्त व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) पोचता येऊ द्या. शेअर्ड पोर्ट (सर्व्हरच्याच एनआयसीवरचा, म्हणजे नेटवर्क कार्डावरचा) निवडला की डेडिकेटेड बंद होतो, कारण दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. शिवाय त्याच एनआयसीमध्ये बिघाड झाला तर आयएलओही हाती लागत नाही. सार्वजनिक आयपी तर कधीच देऊ नका. आधीच्या पिढीतल्या आयएलओ ४ मध्ये २.५३ च्या आधीच्या फर्मवेअरला एचटीटीपीच्या एका हेडरमध्ये २९ वेळा ‘ए’ अक्षर पाठवलं की पासवर्डाशिवाय आत शिरता येत होतं (ही त्रुटी २०१७ ची). आयएलओ ५ मध्ये सिलिकॉन रूट ऑफ ट्रस्ट आहे, सुरू होताना फर्मवेअर खरं आहे का ते चिपच तपासते. ही सोय मनापासून आवडली. पण लॉगिन पानातल्या त्रुटीपासून ती वाचवत नाही, त्यामुळे अपडेट टाळू नका. आयएलओचं फर्मवेअर बदलताना फक्त आयएलओ रीस्टार्ट होतो, सर्व्हर चालूच राहतो.

आयपीएमआयची (सर्व्हर दुरून हाताळायच्या जुन्या प्रोटोकॉलची) गरज नसेल तर ते बंदच ठेवा. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डाचा हॅश (त्यापासून गणिताने काढलेला ठसा) समोरच्याला मिळतो आणि तो निवांत फोडता येतो. हा दोष प्रोटोकॉलचाच आहे, पॅच लावून जात नाही. स्क्रिप्टसाठी रेडफिश (त्याच कामाचा वेबवर चालणारा नवा प्रोटोकॉल) वापरा.

सुरुवातीचा आठ अक्षरी पासवर्ड सर्व्हरवरच्या टॅगवर असतो. रॅकमध्ये चढवण्याआधी त्याचा फोटो काढा आणि पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला. पुढे तो विसरलात तर प्रॉडक्शन मोडमध्ये (आयएलओच्या मूळ सुरक्षा पातळीत) होस्टवरून, म्हणजे सर्व्हरच्याच ऑपरेटिंग सिस्टिममधून, रूट (सर्वोच्च) अधिकाराने, एचपीऑनसीएफजी हे एचपीईचं साधन वापरून नवा टाकता येतो. याचा अर्थ असाही की होस्टचं रूट ज्याच्या हाती गेलं त्याच्या हाती आयएलओही जाऊ शकतो. हे नको असेल तर होस्ट ऑथेंटिकेशन (होस्टवरूनही आयएलओचा पासवर्ड विचारणं) सक्तीचं करा, मात्र मग पासवर्ड जपून ठेवा.

आयएलओच प्रतिसाद देईनासा झाला तर समोरचं यूआयडी बटण (सर्व्हर ओळखण्याचा दिवा लावणारं) ५ ते ९ सेकंद दाबून धरल्यावर तो सौम्य रीबूट होतो, १० सेकंद किंवा जास्त दाबल्यास हार्डवेअर रीबूट. चालू ऑपरेटिंग सिस्टिमला धक्का लागत नाही, पण बटण दाबायला रॅकपाशी कोणीतरी लागतं. डेटा सेंटरशी करार करताना ही मदत त्यात धरली आहे का, ते विचारून घ्या.