सात कप्प्यांची गोळ्यांची डबी: दीड वर्ष वापरल्यावर

नैराश्यासाठी डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं तेव्हा मी २३ वर्षांची होते. सुरुवातीला डोकं इतकं सुन्न असायचं की पाण्याचा ग्लास खाली ठेवेपर्यंत गोळी घेतली की नाही हेच आठवायचं नाही. एकदा त्या शंकेपायी दुसरी घेतली आणि दिवसभर मळमळत राहिलं. त्याच आठवड्यात ही डबी आणली. सात कप्पे, प्रत्येकावर वाराचं पहिलं अक्षर. आजचा कप्पा रिकामा दिसला की शंका मिटते.

खरा उपयोग मात्र वेगळाच झाला. या औषधांच्या सुरुवातीला किंवा डोस बदलताना पंचविशीच्या आतल्यांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, लहान मुलांसाठीचा हा इशारा २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. डॉक्टरांनी हे आईला माझ्यादेखत सांगितलं, ते फार बरं झालं. पहिले तीन महिने पाकिटं आईकडे असायची. रविवारी रात्री ती मोजून सातच गोळ्या भरायची आणि भरता भरता विचारायची, "या आठवड्यात कसं वाटलं गं?" एका रविवारी मी खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी डॉक्टरांसमोर बसलो होतो.

पुढे बरं वाटायला लागलं आणि चार दिवस मी डबी उघडलीच नाही. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका, चक्कर, उगीचच रडू. वाटलं, आजार उलटला. तो गोळी एकदम तोडल्याचा परिणाम होता. थांबवायची तर डॉक्टरांना विचारून, डोस हळूहळू उतरवत. आणि राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरून काढायची नाही.

आता तक्रारी. झाकणं फारच सैल आहेत. ताईच्या दोन वर्षांच्या मुलाने एक कप्पा सहज उघडला, गोळी त्याच्या चिमटीत होती. तेव्हापासून डबी कुलपाच्या कपाटात असते. दुसरं, गोळी पाकिटातून काढली की नाव आणि एक्सपायरी दोन्ही हातातून जातात. म्हणून एक पाकीट मी पर्समध्ये ठेवतेच. पाठदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहिलं होतं. पाकीट दाखवल्याबरोबर त्यांनी ते खोडलं, कारण दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम (शरीरात सेरोटोनिन हे रसायन जास्त झाल्याने होणारा त्रास) होऊ शकतो: थरथर, घाम, ताप, छातीत धडधड, गोंधळ. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषधही याच यादीत येतं. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं वेगळं, ते या गोळीसोबत घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानातून आपल्या मनाने असं काही आणण्याआधी मी केमिस्टला पाकीट दाखवते.

अक्षरं चार महिन्यांत पुसली गेली, आता आईच्या हस्ताक्षरातल्या चिकटपट्ट्या आहेत. पाचपैकी चार तारे. झाकणं घट्ट असती तर पाच दिले असते.