जुन्या बोस्टन व्हेलरला नवीन पितळी ड्रेन ट्यूब आणि फ्लेअरिंग टूल: वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. तुमच्याकडे ऐंशीच्या दशकातली फायबरग्लासची पॉवरबोट असेल आणि डेकवरचं पाणी बाहेर काढणाऱ्या ट्यूबा अजून कंपनीच्याच असतील, तर हा सीझन सुरू व्हायच्या आत त्या बदला, आणि पितळीच घाला. मी मोलर कंपनीच्या एक इंची पितळी ट्यूबा घेतल्या, त्यांचं तोंड पसरवायचं फ्लेअरिंग टूल वेगळं घेतलं आणि दोन्हीवर मी एकदम खूश आहे. ओ-रिंग (रबरी कडं), सीलंट (फटी बुजवायचा चिकट लेप) धरून सामान शंभर डॉलरच्या आसपास गेलं, टूलचे पैसे वेगळे. फक्त एक आहे, ट्यूब कितीही चांगली आणली तरी ज्या भोकात ती बसणार त्याची तयारी नीट केली नाही तर सगळे पैसे पाण्यात, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा लांबणार आहे.

आमची बोट म्हणजे बोस्टन व्हेलर कंपनीची १७ फुटी मॉन्टॉक, न्यू जर्सीत बार्नेगट बेमध्ये चालवतो, म्हणजे पाणी खारं, सीझन साधारण मे ते ऑक्टोबर आणि बाकीचे महिने ती ट्रेलरवर घराच्या ड्राइव्हवेमध्ये. व्हेलरबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या कंपनीची पहिली १३ फुटी बोट १९५८ साली आली, आणि १९६१ मध्ये लाइफ मासिकात कंपनीचे संस्थापक डिक फिशर बोटीत बसलेत आणि बोट करवतीने मधोमध कापली जातेय असे फोटो छापून आले होते, तरी ती तरंगतेच! कारण बाहेरचा आणि आतला असे फायबरग्लासचे दोन थर आणि मधली सगळी जागा फोमने भरलेली. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की व्हेलर बुडत नाही, मग कशाला काळजी करायची. बुडत नाही हे खरंच आहे, पण त्या फोममध्ये वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी मुरत राहतं आणि ते आत शिरायचं एक मोठं दार म्हणजे हीच ड्रेन ट्यूब, कारण ती दोन्ही थरांना छेदून मधल्या फोममधून किंवा ट्रान्सममध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीत, आतल्या प्लायवूडमधून आरपार जाते. ट्यूब फुटली की डेकवरचं पाणी बाहेर पडायच्या आधी वाटेतच झिरपायला लागतं आणि वरून तुम्हाला काहीच दिसत नाही.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात हळूहळू त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, ठिसूळ, लालसर तांबं. आमच्या मागच्या ट्यूबचं बाहेरचं तोंड लांबून बरं दिसत होतं, हिरवट डाग होते एवढंच, पण आतून टॉर्च मारून बघितलं तर पिवळा रंग जाऊन गुलाबी चट्टे आलेले आणि खालच्या बाजूला, जिथे पाणी साचून राहतं तिथे, केसाएवढी उभी चीर. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नुसतं टोचलं तर पापडासारखा तुकडा निघून आला. तुम्हीही हाच तपास करा, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर, दोन मिनिटांचं काम आहे. नुसत्या हिरव्या रंगाला घाबरू नका, तो घासला की जातो, पण गुलाबी दिसलं की समजा ट्यूब संपली.

आमच्यासारख्या थंडीच्या प्रदेशात तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण आत मुरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, फुगतं आणि फायबरग्लासचा थर फोमपासून सुटायला लागतो. शिवाय वजन. खारं पाणी एका घनफुटाला ६४ पाउंड भरतं, म्हणजे दोन-तीन घनफूट मुरलं तरी एक जाडजूड माणूस कायमचा बोटीत बसवून फिरल्यासारखं आहे आणि तो कधी उतरतही नाही. बोट मागून खाली बसायला लागली, प्लेनवर यायला, म्हणजे वेगात पाण्यावर उचलली जायला, पूर्वीपेक्षा उशीर करायला लागली की लोक आधी इंजिनावर संशय घेतात, पण एकदा ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन बघा आणि मग ठरवा.

आता पितळच का, प्लास्टिक का नाही, हे मला ओळखीतल्या दोन-तीन जणांनी विचारलं. स्वस्तातलं साधं पांढरं प्लास्टिक उन्हात खडूसारखं होतं, त्याची बाहेरची कड तडकते आणि एक दिवस पडूनच जाते, एका शेजाऱ्याच्या बोटीवर हे डोळ्यांनी बघितलंय. मॅरेलॉनसारखं काचतंतू घातलेलं नायलॉन चांगलं असतं, गंजण्याचा प्रश्नच नाही, पण ते जिथे एका बाजूला नट आणि आत पाइप जोडायचा असतो अशा थ्रू-हलला, म्हणजे बोटीच्या भिंतीतून आरपार जाणाऱ्या जोडणीला शोभतं, इथे दोन्ही बाजूंनी सपाट बसणारी पातळ नळी हवी. स्टेनलेस ऐकायला भारी वाटतं, पण एक तर त्याचं तोंड हातातल्या टूलने पसरवणं अवघड आणि दुसरं म्हणजे सीलंटखाली जिथे हवा पोचत नाही पण ओल राहते तिथे स्टेनलेसही खड्डे पडून कुजतं. मूळ पितळी ट्यूबेने कित्येक वर्षं काढली, नवीनने त्याच्या निम्मी काढली तरी मला चालेल, कारण आता ती बदलायची कशी ते माहीत झालंय.

जुनी ट्यूब काढणं सोपं आहे. आतल्या बाजूची पसरलेली कड ड्रेमेलने (हातात धरायच्या छोट्या इलेक्ट्रिक कटरने) कापली, लाकडी दांडका लावून बाहेरून हातोडीने ठोकलं, आली बाहेर, अर्थात तुकड्यांत. खरा वैताग सिलिकोनचा होता, आधीच्या मालकाने ट्यूबभोवती सिलिकोन फासून ठेवलं होतं आणि सिलिकोनचा नुसता ओशट थर राहिला तरी त्यावर ना एपॉक्सी धरत ना दुसरं कुठलं सीलंट, त्यामुळे खरवडा, सँडपेपर मारा, परत खरवडा. कोणालाही हात जोडून सांगेन, बोटीच्या ड्रेनला सिलिकोन लावू नका, पुढच्या माणसाचे हाल होतात.

भोक उघडं झाल्यावर आतलं प्लायवूड दिसतं. आमचं काळपट होतं पण कुजलेलं नव्हतं, स्क्रूड्रायव्हर घुसत नव्हता. घाई करू नका, वाळू द्या, हेअर ड्रायर, शॉप व्हॅक, छोटा पंखा, जे असेल ते लावा आणि बोटाला कोरडं लागलं तरी अजून थोडे दिवस थांबा. मग वेस्ट सिस्टम कंपनीचं १०५ एपॉक्सी रेझिन आणि ते कडक करणारं २०६ स्लो हार्डनर. आधी पातळच मिश्रण ब्रशने भोकाच्या भिंतीला लावत राहायचं, लाकूड ते पीत राहतं, प्यायचं थांबेपर्यंत लावायचं, आणि त्यानंतर ४०६ पावडर घालून पीनट बटरइतकं घट्ट केलेलं मिश्रण लावून सगळे खड्डे, कोपरे भरून काढायचे. २०६ घेतलं तर हवा ६० फॅरनहाइटच्या वर असलेला दिवस बघा, एप्रिलच्या गार सकाळी ते वाळता वाळत नाही. कडक झाल्यावर परत भोक पाडायचं, ट्यूब हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही इतपत. हे का करायचं, तर आता उद्या ट्यूब फुटली तरी पाण्याला लाकूड सापडणार नाही, आधी एपॉक्सीची भिंत लागेल. पूर्ण कामातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे आणि बोटदुरुस्तीचे यार्डवाले घाईत नेमका हाच गाळतात.

आता ट्यूब आणि टूल. ट्यूब एका बाजूला आधीच पसरवून येते, ती बाजू बाहेर ठेवायची, तिच्या कडेखाली ओ-रिंग. पितळेची जाडी सगळीकडे सारखी वाटली, कड गुळगुळीत, कुठे सुरकुती नाही. दुसरी बाजू आपल्या ट्रान्समच्या जाडीप्रमाणे कापायची, मी पाव इंचापेक्षा जराशी कमी बाहेर ठेवली, जास्त ठेवली तर पसरवताना फाटते आणि कमी ठेवली तर धरतच नाही. कापल्यावर आतून बाहेरून कड घासून एकही खरखरीत जागा ठेवायची नाही, कारण चीर पडायला सुरुवात तिथूनच होते. मी अजून एक केलं, ते टोक बोटीपासून लांब, प्रोपेन टॉर्चवर मंद लालसर दिसेपर्यंत तापवलं आणि गार होऊ दिलं, त्याने पितळ मऊ पडतं. बोटीत बसवल्यावर असलं काही करायला जाऊ नका, जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, जळेल.

टूल म्हणजे दोन गोल डाय (तोंडाला आकार देणारे धातूचे साचे) आणि मधून जाणारा जाड आट्यांचा बोल्ट, बाकी काही नाही. एक डाय बाहेरच्या पसरलेल्या तोंडाला टेकतो, दुसरा आतल्या सरळ तोंडात बसतो, पान्याने नट आवळत गेलं की तोंड फुलासारखं उमलत बाहेर वळतं आणि डेकवर टेकतं. डायला थोडं ग्रीस लावा, पाव-पाव फेरा द्या, मध्ये थांबा, बोटाने चाचपून बघा सगळीकडून सारखं वळतंय का. शेवटचे दोन फेरे देताना कड डेकला चिकटत जाताना दिसते आणि खालचं सीलंट चहूबाजूंनी एकसारखं बाहेर येतं, ते बघायला फार समाधान वाटतं. काही जण गोल डोक्याच्या हातोडीने ठोकून तोंड पसरवतात, होतं तसंही, पण कड एका बाजूला जाड एका बाजूला पातळ येते आणि फायबरग्लासला हादरे बसतात ते वेगळेच. टूल महाग वाटलं तर मित्रांनी मिळून एक घ्या, रोज थोडंच लागतं, आमचं सध्या तीन घरांत फिरतंय.

सीलंटच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. एका यार्डने मला सांगितलं होतं की आम्ही ५२०० नावाचं सीलंट भरून देतो, आयुष्यभर बघायला नको. थ्रीएमचं ५२०० जबरदस्त चिकटतं यात वाद नाही, पण ते कायमच्या जोडासाठी आहे आणि ड्रेन ट्यूब ही झिजणारी, बदलायची वस्तू आहे, उद्या ती काढताना जेलकोटचे टवके निघाले तर त्याचं काय करायचं? मी त्यांचंच फास्ट क्युअर ४२०० वापरलं, ते पाण्याखालीही चालतं, साधारण एका दिवसात तयार होतं आणि काढायची वेळ आली तर निघतं. दोन्ही तोंडांखाली आणि ट्यूबच्या अंगाला पातळ थर लावा, नुसत्या ओ-रिंगच्या भरवशावर राहू नका.

तक्रार म्हणायची तर एकच, ट्यूबसोबत मराठी सोडाच, इंग्रजीतही सूचनांचा एक कागद नव्हता, लांबी किती बाहेर ठेवायची एवढं तरी लिहायला हवं होतं. बाकी पूर्ण सीझन खाऱ्या पाण्यात गेला, लाटेचं पाणी डेकवर आलं की सरसर निघून जातं, ट्यूबभोवती कुठे ओल नाही, टॉर्च मारून बघितलं तर आतून अजून पिवळीधमक आहे.

ट्यूबला पाचपैकी साडेचार, टूलला पाच. आणि बसवल्यावर ट्यूब बंद करायच्या रबरी प्लगची खिट्टी जोर लावून आवळू नका, प्लग आतून ट्यूबला ताणतो आणि नवीन पितळही तिथेच दमतं. पाणी अडेल एवढाच घट्ट करा आणि बोट ट्रेलरवर चढवली की लगेच काढून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. पुढच्या महिन्यात नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, अँकर लॉकरची (नांगर ठेवायच्या कप्प्याची) ट्यूब बदलतोय, तिची लांबी वेगळी आहे, त्यामुळे कापायच्या आधी मोजून घ्या.