झोन:९२: टेक्नोच्या लांब मिक्सचा मिक्सर

डीजेच्या टेक्नो सेटचा ओघ ट्रॅक बदलतानाच टिकतो किंवा तुटतो. १३२ बीपीएमला (मिनिटाला १३२ ठोके) ३२ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांचे ३२ गट, साधारण ५८ सेकंद चालतात. एवढा वेळ दोन ट्रॅक एकत्र चालवून त्यांतून तिसरा ग्रूव्ह (नाचवणारी लय) उभा करायचा असेल, तर ॲलन अँड हीथचा झोन:९२ हा ॲनालॉग मिक्सर अजूनही पहिल्या पसंतीचा आहे.

याचं मुख्य कारण चार बँडचा ईक्यू, म्हणजे आवाजाचे खालचे (लो), मधले (मिड) आणि वरचे (हाय) पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारी बटणं. तीन बँडच्या मिक्सरवर 'मिड' कमी केला की किकची (बेस ड्रमच्या ठोक्याची) घुमणारी शेपटी, सिंथ आणि क्लॅप सगळंच एकदम बसतं. इथे मिडचे दोन भाग आहेत: लो-मिड आणि हाय-मिड. नव्या ट्रॅकचा लो पूर्ण बंद आणि लो-मिड बराच खाली ठेवून फेडर (चॅनलचा आवाज वाढवणारी सरकपट्टी) चढवा. आधी फक्त हाय-हॅट (झांजेसारखा 'त्स-त्स' आवाज) आणि वरचं पर्कशन आत येऊ द्या. मग आठ-आठ बारांनी हाय-मिड उघडत जा. लोची अदलाबदल (जुन्याचा बंद, नव्याचा चालू) मात्र फ्रेजच्या, म्हणजे संगीताच्या नव्या तुकड्याच्या, पहिल्याच ठोक्यावर, दोन्ही हातांनी एकदम करायची. दोन किक एकत्र राहिल्या आणि तंतोतंत जुळल्या, तर बेस ६ डेसिबलपर्यंत फुगतो; किंचित सरकल्या तर ठोका दुहेरी ऐकू येतो आणि नाचणाऱ्यांची पावलं अडखळतात. लो-मिडकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लो बदलूनही मिक्स गढूळ वाटत असेल, तर जुन्या ट्रॅकचा लो-मिड आधी उतरवा.

दोन स्वतंत्र फिल्टर हे दुसरं बलस्थान. हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) हळूहळू वर नेताना आवाज पातळ होत जातो, पण रसरशीत राहतो. रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला आवाज उचलणारं बटण) जास्त ठेवून किकच्या पट्ट्यातून फिल्टर फिरवला, तर तिथे अचानक उसळी येते. म्हणून आधी रेझोनन्स खाली, मग फिल्टर फिरवणं. वापर झाला की फिल्टर बंद केल्याची खात्री करा, नाहीतर त्या चॅनलवरचा पुढचा ट्रॅक दबलेलाच सुरू होतो.

उणिवाही आहेत. अंगचे इफेक्ट नाहीत, यूएसबी साउंडकार्डही नाही. डिले (प्रतिध्वनी) किंवा रिव्हर्ब (घुमारा) ऑक्स सेंडवर, म्हणजे चॅनलचा आवाज बाहेरच्या यंत्राकडे पाठवणाऱ्या वाटेवर, बाहेरून जोडावा लागतो. त्याचा परतीचा आवाज मुख्य चॅनलवर घेतला, तर त्या चॅनलचा तोच सेंड शून्यावर ठेवा, नाहीतर आवाज त्याच वाटेने गोल फिरत वाढत जातो (फीडबॅक). लॅपटॉपवरून वाजवणाऱ्यांनी झोन:९६ बघावा; त्यात साउंडकार्ड आहे. दर दोन मिनिटांनी ट्रॅक झटपट बदलणाऱ्यांना चार बँडचा विशेष फायदा नाही.

जुना घेताना एकच ट्रॅक प्रत्येक चॅनलवर लावून बघा. ईक्यू मध्यावर ठेवा, फेडर अगदी सावकाश सरकवा, हेडफोनवर खरखर येते का आणि डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते ऐका. मग लो आणि हाय पूर्ण खाली करा. तरीही खोल बेस किंवा अगदी वरचा आवाज झिरपला, तर तो चॅनल दुरुस्तीला काढावा लागेल.